आठ आकड्यांचा ‘ळ’

इतिहास म्हटला की आपल्याकडच्या वाचकाला देवगडचा गोंड राजांचा किल्ला आठवतो, नागपूरकर भोसले आठवतात, फार तर १९५६ ची राज्यपुनर्रचना आठवते. जी वस्तू आपण स्वतः हाताळली, जिची कॅसेट आपल्याच हाताने टेपरेकॉर्डरमध्ये घातली, तिलाही इतिहास असतो हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. आज अशाच एका वस्तूविषयी लिहायचे आहे. ही वस्तू म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती संगणक. त्याचे उत्पादन १९९२ साली बंद झाले. तरीही जगभरची हौशी माणसे त्याच्यासाठी आजही नवे प्रोग्रॅम लिहीत आहेत. असे का व्हावे, आणि त्याचा पांढुर्णा-सौंसरच्या माणसाशी संबंध काय, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

१९८९ साली मी शिक्षणासाठी नागपूरला मावशीकडे राहत होतो. माझा मावसभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणत असू, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. एके दिवशी त्याने मित्राकडून आठ दिवसांच्या बोलीवर एक काळी चपटी पेटी आणली. पाटीपेक्षा थोडी लांबट, वर कळा आणि कोपऱ्यात चार रंगांचे तिरपे पट्टे. नाव ‘डीबी स्पेक्ट्रम’. तिला स्वतःचा पडदा नव्हता. मावशीचा कृष्णधवल टीव्ही हाच तिचा पडदा आणि गाण्यांचा टेपरेकॉर्डर हीच तिची वही. कॅसेट लावली की कानठळ्या बसवणारी किरकिर सुरू होई, पडद्याच्या कडेने पट्टे धावू लागत आणि चार-पाच मिनिटे घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखून बसायचे. पुष्कळदा अगदी शेवटच्या क्षणी ‘टेप लोडिंग एरर’ अशी अक्षरे उमटत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी विचारले, “दादा, यावर आपली अक्षरं येतात का?”

“येत नाहीत,” तो म्हणाला, “पण आणता येतात. सांग, कोणतं आणू?”

मी ‘ळ’ म्हणालो. त्याला कारण होते. माझ्या आडनावात ‘ळ’ आहे. पण शाळेपासूनच्या प्रत्येक दाखल्यावर, हिंदी रिवाजाप्रमाणे, त्याचा ‘ल’ झालेला. आमच्या भागात हे नवे नाही. काळ्यांचे काले होतात आणि घरातला पोळा वर्तमानपत्रात पोला होतो. नागपूरला कॉलेजात नाव नोंदवताना कारकुनाने दाखला पाहून मला विचारले होते, “तुम्ही हिंदी भाषक का?” तो प्रश्न मनात कुठेतरी रुतून बसला होता.

दादाने आलेखाचा कागद घेतला. आडव्या आठ आणि उभ्या आठ अशी चौसष्ट घरे आखली. या यंत्रातले प्रत्येक अक्षर एवढ्याच चौकटीत बसते. प्रत्येक ओळीतल्या आठ घरांना डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १ अशा किमती. जे घर भरायचे त्याची किंमत धरायची आणि ओळीची बेरीज करायची. पहिल्या ओळीत सगळी घरे भरली, बेरीज २५५. ही शिरोरेषा झाली. दुसऱ्या ओळीत फक्त चौथे घर, १६. ही ‘ळ’ची मान. मग त्याची दोन वाटोळी पोटे: १२४, १४६, १४६, १०८. खालच्या दोन ओळी मोकळ्या, म्हणून शून्य आणि शून्य. आठ आकडे. यंत्राला ते एकामागून एक सांगितले, एक कळ दाबली आणि मावशीच्या टीव्हीवर, जिथे तोवर इंग्रजीशिवाय काही उमटले नव्हते, तिथे एक लहानसा ‘ळ’ उभा राहिला.

मावशीला हाक मारायला मी आत गेलो आणि तेवढ्यात वीज गेली. कॅसेटवर उतरवून ठेवायचे राहून गेले होते. वीज गेली की त्या यंत्राला काहीच आठवत नसे. आठ दिवस संपल्यावर पेटीही परत गेली. आठ आकडे मात्र मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवले होते.

या पेटीचे कूळ इंग्लंडातले. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ जाहीर केला. त्या वेळी संगणक म्हणजे बँकांची आणि विद्यापीठांची वस्तू. सिंक्लेअर यांनी तो सव्वाशे पौंडांत घरातल्या टीव्हीला जोडून दिला. किंमत उतरवण्यासाठी सगळीकडे काटकसर केली होती. मोठ्या यंत्राची स्मृती ४८ किलोबाइट. त्यातली पावणेसात किलोबाइट पडद्यालाच लागत. रंग आठ, पण पडद्याच्या ७६८ चौकटींपैकी कोणत्याही एका चौकटीत एका वेळी दोनच, एक शाईचा आणि एक कागदाचा. त्यामुळे लाल गडी हिरव्या झाडापुढून गेला की झाडही लाल होई. तरीही जगभरात पन्नास लाखांवर यंत्रे खपली. १९८६ साली अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने हा सगळा व्यवसाय विकत घेतला.

आपल्या देशात हे यंत्र आणले पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिने परवाना घेऊन ते ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने विकले आणि पन्नास हजारांवर यंत्रे खपल्याचे सांगितले जाते. म्हणजे मराठी मुलखात तयार झालेल्या घरगुती संगणकाची गोष्ट आपल्याकडेही आहे. फक्त ती कुणी पाठ्यपुस्तकात घातली नाही.

याच सुमारास सरकारी बाजूने दुसरे एक यंत्र शाळांत आले. १९८४-८५ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची पथदर्शी योजना सुरू केली. तिच्यासाठी इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’ निवडला गेला आणि राज्य सरकारांमार्फत एकूण १२,००० यंत्रे माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना वाटण्यात आली. यंत्र उत्तम होते. त्याच कंपनीच्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे ‘एआरएम’ नावाचा प्रोसेसर घडवला. एप्रिल १९८५ मध्ये त्याची पहिली चाचणी बीबीसी मायक्रोलाच जोडून झाली आणि आज आपल्या खिशातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये त्याच प्रोसेसरचे वंशज बसलेले आहेत.

परंतु यंत्र चांगले असणे एक आणि ते हाती येणे दुसरे. मी शिक्षक झाल्यावर एका शाळेत हे यंत्र पाहिले. कपाटाला कुलूप, यंत्रावर शिवून घेतलेली खोळ, खोलीबाहेर ‘पादत्राणे बाहेर काढा’ अशी पाटी. किल्ली ज्या गुरुजींकडे होती त्यांची बदली झाली होती. सोबत आलेले प्रोग्रॅम बरेचसे इंग्लंडातले आणि इंग्रजीतले. तिथल्या मुलांनी ते यंत्र पाहिले खरे, पण त्याच्याशी बोलण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. मित्राकडून आठ दिवसांसाठी आणलेल्या पेटीने मला जे दिले ते त्या खोळीखालच्या यंत्राने कुणाला दिले असेल असे वाटत नाही. दोष कुणा एकाचा नव्हे. यंत्र जपायचे म्हणजे त्याला हात लावू द्यायचा नाही, अशीच त्या काळची समजूत होती.

आता एक गोष्ट स्पेनची, जी आपल्या वाचकाने अवश्य ध्यानात ठेवावी. स्पॅनिश भाषेत डोक्यावर लहानशी लाट असलेला ‘एन’ आहे. त्याचे नाव ‘एन्ये’. इंग्रजीत तो नाही, म्हणून परदेशी यंत्रांवरही नव्हता. आपला ‘ळ’ जसा हिंदीत नाही, तशीच गत. १९८५ साली स्पेनच्या सरकारने असा कर बसवला की ६४ किलोबाइट किंवा त्याहून कमी स्मृतीचा जो संगणक स्पॅनिश वर्णमाला आणि स्पॅनिश संदेश दाखवत नसेल, त्याच्यावर जादा रक्कम आकारली जाईल. सिंक्लेअर यांच्या कंपनीला स्पेनची बाजारपेठ हातची जाऊ द्यायची नव्हती. तिने इन्व्हेस्ट्रॉनिका या स्पॅनिश कंपनीच्या साहाय्याने १२८ किलोबाइटांचा नवा स्पेक्ट्रम तयार केला आणि तो इंग्लंडच्या आधी, सप्टेंबर १९८५ मध्ये, स्पेनमध्ये विक्रीला आला. इंग्लंडात तो पोहोचायला १९८६ उजाडले. एका अक्षराच्या आग्रहामुळे यंत्राला आपली वाट बदलावी लागली!

आज या यंत्रासाठी नवे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत स्पेनची मंडळी आघाडीवर आहेत. रशिया, पोलंड, चेक आणि स्लोव्हाक प्रदेश, ब्राझील हेही मागे नाहीत. रशियात तर अस्सल स्पेक्ट्रम मिळतच नसे. लोकांनी नकाशे हाताने उतरवून, सुटे भाग जमवून घरोघर त्याच्या प्रतिकृती तयार केल्या. जिथे जिथे माणसांनी हे यंत्र आपल्या गरजेप्रमाणे वाकवले, तिथे तिथे ते टिकले असे दिसते.

ही हौशी मंडळी नेमके काय करतात, हेही सांगायला हवे. त्यांतले बहुतेक आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम चालवतात. त्याला ‘एम्युलेटर’ म्हणतात. अशी नक्कल चालवायला यंत्राच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम लागतो आणि तो अ‍ॅमस्ट्रॅडच्या मालकीचा होता. १९९९ साली कंपनीने, मालकीहक्काच्या ओळी पुसू नयेत एवढ्या अटीवर, तो एम्युलेटरबरोबर वाटण्यास मोकळीक दिली. दुसरे काम कॅसेटींचे. फितीवरचा चुंबकीय थर झडत जातो. म्हणून ज्याच्या माळ्यावर जी कॅसेट सापडली ती त्याने आजच्या संगणकात उतरवून घेतली. असे हजारो प्रोग्रॅम वाचले.

पण ही मंडळी जतनावर थांबली नाहीत, आणि मला महत्त्वाचे वाटते ते हेच. आजही दरवर्षी शेकडो नवे खेळ या यंत्रासाठी लिहिले जातात. काही तर रीतसर कॅसेटवर, छापील वेष्टनात मिळतात. त्यासाठी लागणारा हिशेब पाहिला की आपल्या जुन्या मुनीमजींची आठवण होते. पडद्यावरचे चित्र सेकंदात पन्नास वेळा नव्याने काढले जाते. तेवढ्या अवधीत ४८ किलोबाइटच्या यंत्राच्या घड्याळाचे बरोबर ६९,८८८ ठोके पडतात. प्रत्येक आज्ञेला किती ठोके लागतात हे ठरलेले; कुणाला चार, कुणाला अकरा. एका चौकटीत दोनच रंग, ही अडचण मी वर सांगितली. या लोकांनी असे केले की चित्र पडद्यावर वरून खाली उतरत असतानाच, ठोके मोजून, चौकटीची वरची ओळ रंगून झाली की खालच्या ओळीसाठी रंग बदलायचा. एका ठोक्याचीही चूक चालत नाही. निर्मात्यांनी जे यंत्र घडवले ते तेच आहे. त्याच्याकडून निर्मात्यांच्याही ध्यानात न आलेले काम तीस-पस्तीस वर्षांनी परकी माणसे करून घेतात. २०१७ साली या मंडळींनी वर्गणी काढून ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ नावाचे नवे यंत्रच तयार करवले. २०२० साली ते वर्गणीदारांच्या घरी पोहोचले. सिंक्लेअर १६ सप्टेंबर २०२१ रोजी वारले. त्यांच्या कंपनीने तर हा व्यवसाय कधीच विकून टाकला होता, पण यंत्राचे नवे साहित्य येतच होते.

मी मुद्दाम ‘साहित्य’ म्हणालो. एखादी वस्तू संग्रहालयात ठेवली की ती सुरक्षित होते, पण तिच्यात नवे काही घडत नाही. नवे घडायचे तर कुणीतरी तिच्या भाषेत लिहावे लागते, दुसऱ्याने ते वाचावे लागते आणि तिसऱ्याने त्यात सुधारणा करावी लागते. भाषेची गोष्ट यापेक्षा निराळी नाही.

आपल्या दोन्ही गावांना हे नव्याने सांगायला नको. नागपूर जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होती तोवर हिंदीबरोबर मराठीलाही सरकारदरबारी स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, म्हणजे आपण, नव्या मध्यप्रदेशात राहिलो. हिंदी आपल्याला परकी नाही. बाजारात, कचेरीत, मित्रांत आपण ती आपलीच म्हणून बोलतो आणि तिने आपल्याला पुष्कळ दिले आहे. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हाही झाला. घरात मराठी आहे, जामसावळीच्या मारुतीपुढे मराठी आहे, पोळ्याला मराठी आहे. उणे पडत चालले आहे ते लिहिणे. बोलणारी घरे पुष्कळ आणि लिहिणारे हात थोडे, अशी आपली स्थिती आहे.

आता पुन्हा ‘ळ’कडे येतो. दादाने काढलेले एक अक्षर पडद्यावर आले, पण साऱ्या मराठीचे काय? त्या यंत्रात स्वतः घडवलेल्या अक्षरांसाठी जागा फक्त एकवीस. जाणकार माणूस आपला ९६ चिन्हांचा संच बसवू शके. मग टाइपरायटरप्रमाणे काने, मात्रा, अर्धी अक्षरे तुकड्यातुकड्यांनी जोडावी लागत. यावर पक्का उपाय निघायला मोठी माणसे आणि मोठ्या संस्था लागल्या. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले मोहन तांबे आदींचे काम त्यातले प्रमुख. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक ठरले. जगभर चालणाऱ्या युनिकोडमध्येही देवनागरीला जागा मिळाली. त्यात ‘ल’चा क्रमांक २३५४ आणि ‘ळ’चा २३५५. दोघे शेजारी राहतात, कुणी कुणाची जागा घेत नाही. प्रत्येक चिन्हाला सहसा तीन बाइट लागतात. त्या मापाने हा माझा लेख दादाच्या पेटीत जेमतेम मावेल आणि मग तिला दुसरे काही सुचायला जागा उरणार नाही. आज कोणत्याही मोबाइलवर ‘ळ’ एका स्पर्शाने उमटतो. अडचण यंत्राची राहिलेली नाही.

गेल्या पोळ्याच्या सुमारास आमच्या शाळेत नववीतल्या एका मुलाने संगणकावर स्पेक्ट्रमचा एम्युलेटर चालवून दाखवला. एक कळ दाबली की आख्खा इंग्रजी शब्द उमटतो, याची त्याला भारी गंमत वाटत होती. मी घरी जाऊन ती जुनी वही शोधून आणली आणि दुसऱ्या दिवशी मागच्या पानावरचे आकडे त्याला वाचून दाखवले. दोनशे पंचावन्न, सोळा, एकशे चोवीस... त्याने ते घातले. ‘ळ’ आला.

तो पडद्याकडे वाकून पाहू लागला. “सर, ये ‘ल’ ऐसा क्यों बना है?”

मुलगा मराठी घरातला, पण शिक्षण सगळे हिंदीत. मी म्हणालो, “हा ल नाही रे. हा ळ. तुझी आजी पोळा म्हणते ना, त्यातला.”

“आजी म्हणते,” तो आता मराठीत आला, “पण मी तर पोलाच लिहितो. याचं वेगळं अक्षर असतं?”

मी फळ्यावर मोठा ‘ळ’ काढून दाखवला. त्याने एकदा फळ्याकडे आणि एकदा पडद्याकडे पाहिले. म्हणाला, “मग सर, याची मान फार आखूड झाली. खाली दोन ओळी रिकाम्या आहेत.” आणि मला न विचारता त्याने सोळाचा आकडा दोनदा घातला, बाकीचे एकेक ओळ खाली सरकवले आणि शेवटी एकच शून्य ठेवले. नवा ‘ळ’ दादाच्या ‘ळ’हून खरोखरच डौलदार दिसत होता. पस्तीस वर्षे ते आकडे माझ्या वहीत होते. त्यांत बदल करावा असे मला एकदाही सुचले नव्हते.

मग त्याने त्याच्यापुढे ‘पो’ आणि मागे काना जोडण्याचा घाट घातला. मात्रा शिरोरेषेच्या वर मावेना, म्हणून वरच्या चौकटीत वेगळी काढायची ठरवली. तास संपल्याची घंटा झाली तरी तो उठायला तयार नव्हता. बाहेर आभाळ भरून आले होते आणि अशा दिवशी आमच्याकडे विजेचा भरवसा नसतो.

“आधी साठवून ठेव,” मी म्हणालो.

“केव्हाच ठेवलं, सर,” तो म्हणाला.